वर्षाखालचा ठिपका: नाण्यांच्या टांकसाळ-खुणा ओळखून किंमत लावेपर्यंत

जूनमध्ये वर्गीकरणाला हात घातला आणि विकलेल्या नाण्यांचे पैसे बँकेत जमा व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. डबा घरातल्या दोन पिढ्यांचा होता. सातव्या एडवर्डच्या चांदीच्या रुपयापासून 2000 सालच्या पाच रुपयांपर्यंत सगळं एकत्र. एकाच वर्षाची, एकाच किमतीची, दिसायला एकसारखी नाणी ढिगाने निघाली, आणि त्यांच्यात फरक काय तो फक्त वर्षाखालच्या, नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणाऱ्या मिलिमीटरभर खुणेचा. हा फरक वाचायचा कसा आणि त्याचे पैसे कधी होतात, कधी होत नाहीत, ते ज्या क्रमाने उलगडत गेलं त्याच क्रमाने लिहिते आहे. असा डबा उघडून बसलेल्या कुणालाही पहिल्या आठवड्यात हताश व्हायला होतं. ते अगदी साहजिक आहे.

आधी साहित्य. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, मिलिमीटर मोजायची व्हर्नियर पट्टी, एक लोहचुंबक आणि मान वळणारा टेबललॅम्प. सगळं मिळून दोन हजार रुपयांच्या आत बसलं. यात सर्वांत जास्त उपयोग लॅम्पचा होतो. वरून सरळ उजेड पाडला तर खूण सपाट होऊन दिसेनाशी होते. दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणायचा, उजेड नाण्यावर तिरपा पडू द्यायचा आणि नाणं बोटांनी कडेला धरून सावकाश फिरवायचं. कुठल्या तरी कोनात खुणेची सावली पडते. स्टीलचं नाणं फार चमकत असेल तर दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरायचा.

आणि नाणी धुवायची नाहीत. चिंच, राख, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाही. खूण स्पष्ट दिसावी म्हणून घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतात. पृष्ठभागाची मूळ झळाळी एकदा गेली की ती परत येत नाही आणि किंमत तिथेच पडते. जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायचं आणि न पुसता हवेवर वाळू द्यायचं. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. यापलीकडे काही करू नये.

पहिली चाळणी स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांची केली, कारण तिथले नियम सरळ वाटतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्यासारखा छोटा हिरा. हैदराबादची पाच टोकांची चांदणी. नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण नाहीच. खूण बहुतेक नाण्यांवर वर्षाच्या खाली, मधोमध असते. संग्राहकांसाठी खास झळाळी देऊन पाडलेल्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी अक्षर येतं: 1995 पर्यंत ‘बी’ आणि 1996 पासून ‘एम’. एवढं पाठ झालं की एका दुपारी शंभरेक नाणी चार वाट्यांत पडतात आणि काम सोपं आहे असं वाटायला लागतं. खरी गंमत त्यानंतर कोलकात्याच्या वाटीत सुरू होते.

कारण या वाटीत दोन प्रकारची नाणी पडलेली असतात: ज्यांच्यावर खूण कधी नव्हतीच ती, आणि ज्यांच्यावरची खूण दिसत नाही ती. नाण्यावर जी खूण उठावात दिसते ती ठशात, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यात, खोलगट कोरलेली असते. ठसा हजारो वेळा आपटला जातो. यंत्राचं वंगण आणि धातूची भुकटी त्या बारीक खळग्यात साचून घट्ट बसते. मग ज्या कोऱ्या चकतीवर नाणं पाडतात तिचा धातू तिथे शिरूच शकत नाही आणि हैदराबादच्या ठशातून चांदणीशिवायचं नाणं बाहेर पडतं. खळगा अर्धाच भरला असेल तर चांदणीचा नुसता गोळा उमटतो. शिवाय वापरात झिजलेली नाणी वेगळीच. म्हणून ‘खूण नाही’ यावरून लगेच ‘कोलकाता’ लिहायचं नाही.

अशा प्रत्येक नाण्याला चार प्रश्न विचारले. वर्षाचे आकडे धारदार आहेत का? आकडेच बोथट असतील तर त्यांच्याखालची त्याहून बारीक खूण टिकणार कशी? तिरप्या उजेडात खुणेच्या जागी हलकासा उंचवटा दिसतो का? त्याच वर्षाच्या, खात्रीने मुंबई किंवा हैदराबादच्या असलेल्या नाण्याशेजारी ठेवलं तर आकड्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि कडेपासूनची जागा जुळते का? हा तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. ठशांमध्ये असे बारीक फरक असतात आणि आकडे तंतोतंत हैदराबादसारखे असतील तर खूण भरून गेल्याचीच शक्यता जास्त. चौथा प्रश्न कॅटलॉगला, म्हणजे पाडलेल्या नाण्यांच्या सूचीला: त्या वर्षी कोलकात्यात हे नाणं पाडल्याची नोंद आहे का? चारही उत्तरं एका बाजूची आली तरच पाकिटावर ‘कोलकाता’ लिहिलं. बाकीच्यांवर ‘खूण दिसत नाही’ एवढंच. या चाळणीत वाटी जवळजवळ अर्धी झाली. भरलेल्या ठशाच्या नाण्याला ‘बिनखुणेची दुर्मीळ जात’ म्हणून विकणारे भेटतात. त्याला काही संग्राहक थोडे जास्त पैसे देतातही, पण ती ठशाची चूक असते, टांकसाळीची जात नसते.

ठिपक्याची वाटीही तशीच फसवी. नोएडाची टांकसाळ 1988 मध्ये सुरू झाली. त्यामुळे 1975 किंवा 1982 च्या नाण्यावर ठिपका दिसला तर तो नोएडाचा असूच शकत नाही. मुंबईच्या चौकटीचे चार कोपरे झिजले की गोल ठिपका उरतो. भरलेल्या चांदणीचंही तेच होतं. हैदराबादच्या टांकसाळीने सुरुवातीच्या काळात चांदणीखेरीज दुभंगलेली चौकट आणि पोटात ठिपका असलेली चौकट अशाही खुणा वापरल्या आहेत. या दोन्ही झिजल्यावर हुबेहूब मुंबईची साधी चौकट वाटतात. 1960 च्या दशकातली नाणी चाळताना प्रत्येक चौकटीच्या पोटात भिंगाने डोकावलंच पाहिजे. 1988 नंतरच्या नाण्यांत ठिपका आणि झिजलेली चौकट वेगळी करायची तर नाणं चार दिशांनी फिरवायचं. ठिपक्याची सावली सगळीकडून सारखी पडते. चौकटीची एका जोडीच्या दिशेने लांब आणि दुसऱ्या जोडीच्या दिशेने आखूड पडते. हा प्रयोग जमला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

मग राहतात पाहुणी नाणी. 1980 च्या दशकात आणि पुन्हा 1990 च्या दशकाच्या शेवटी सुट्ट्या पैशांची टंचाई झाली तेव्हा सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली. 1985 च्या रुपयावर ‘एच’ असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल मिंटने लँट्रिसंटला पाडलेल्या रुपयावर चौकटच आहे, पण ती वर्षाच्या पहिल्या आकड्याखाली, म्हणजे ‘1’ च्या खाली. घाईत चाळणारा तिला मुंबईच्या वाटीत टाकणार हे ठरलेलं. कोरियात पाडलेल्या नाण्यांवरची चांदणीही अशीच मध्यावर न येता एका बाजूच्या आकड्याखाली येते. म्हणून खुणेचा आकार आणि खुणेची जागा हे दोन वेगळे रकाने वहीत आखून घ्यावेत. कॅनडाच्या ओटावा टांकसाळीचं ‘सी’, स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचं ‘एमके’ आणि मॉस्को टांकसाळीची रशियन लिपीतली तीन अक्षरं या खुणा एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

गोंधळ होतो तो ‘एम’चा, कारण ते तीन ठिकाणचं असतं. नुसतं ‘एम’, आरशासारखी पार्श्वभूमी आणि 1996 किंवा त्यानंतरचं वर्ष असेल तर ते मुंबईचं प्रूफ. ‘एम’च्या डोक्यावर चिमुकलं ‘ओ’ असेल तर नाणं मेक्सिकोत पाडलेलं, 1997 च्या रुपयावर ते सापडतं. आणि ‘एम’ लंबगोलात बसवलेलं असेल तर नाणं 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पाडलेलं. बाजारात फिरून झिजलेल्या दोन रुपयांवरचा लंबगोल पुसट होतो, ‘एम’ तेवढं उरतं आणि विकणारा त्याला ‘मुंबई प्रूफ’ म्हणतो. तेव्हा आधी पार्श्वभूमी बघायची. प्रूफ नाणं वापरात फिरलं तरी खोलगट कोपऱ्यांत आरशासारखी चकाकी शिल्लक राहते आणि अक्षरांच्या कडा काटकोनात उभ्या असतात. चलनासाठी पाडलेल्या नाण्याच्या कडा किंचित गोलसर असतात.

ही सगळी पाहुणी नाणी मोठ्या संख्येने पाडली गेली आहेत. ती ओळखता येण्यात समाधान मोठं आहे, किंमत मात्र बेताची. वापरलेल्या अवस्थेत दर्शनी किमतीच्या काही पट मिळाले तरी ठीकच म्हणायचं. कोरं करकरीत असेल तर गोष्ट थोडी वेगळी.

ऑगस्टमध्ये ब्रिटिशकालीन चांदीला सुरुवात केली. इथे खूण शोधायची जागा राजागणिक बदलते. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मुंबईचं ‘बी’ मागच्या बाजूला, मुकुटावरच्या क्रॉसच्या खालच्या जागेत आत दाबलेलं असतं, इतकं बारीक की मळ साचला तर दिसतच नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्या कमळाच्या खाली उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कोलकाता. सहाव्या जॉर्जच्या काळात मुंबईचा आधी ठिपका आणि पुढे चौकट, आणि 1943 पासून लाहोरचं ‘एल’. इथेही बिनखुणेच्या नाण्याला वरचे प्रश्न विचारायचेच.

वजन आणि धातू याच टप्प्यावर तपासले. 1939 पर्यंतचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम आणि 91.7 टक्के चांदीचा. 1940 पासून वजन तेच, पण चांदी निम्मी. झिजलेला रुपया 11.4 ग्रॅमवर आला तर चिंता नको, पण 10.5 भरला तर तो बाजूला ठेवायचा. चुंबकाला चांदी चिकटत नाही. 1950 चा शुद्ध निकेलचा रुपया चिकटतो, 1980 च्या दशकातला तांबं-निकेलचा सहा ग्रॅमचा रुपया चिकटत नाही आणि 1992 नंतरचा स्टीलचा पुन्हा चिकटतो. एका सेकंदाची ही चाचणी आहे आणि चुकीच्या धातूवर पाडलेलं नकली नाणं तिथेच पकडलं जातं.

डब्यात 1939 चा एक रुपया निघाला. हे वर्ष मुंबई टांकसाळीच्या रुपयांत अतिशय दुर्मीळ, म्हणून सर्वाधिक नकला आणि फेरफार याच वर्षाचे. आनंद व्हायच्या आधी संशय घ्यावा असंच हे नाणं. वजन बरोबर, चांदी बरोबर. पण भिंगाखाली शेवटच्या ‘9’ चा खालचा भाग बाकीच्या आकड्यांपेक्षा बसका होता, त्याच्याभोवतीच्या सपाट भागात समांतर बारीक ओरखडे होते आणि पहिल्या ‘9’ शी त्याचा आकार जुळत नव्हता. 1938 च्या ‘8’ ची एक बाजू कोरून केलेलं काम. अस्सल नाण्यात आकडा पार्श्वभूमीतून सलग वर आलेला दिसतो. बाहेरून चिकटवलेल्या आकड्याच्या किंवा खुणेच्या पायाशी बारीक शिवण दिसते आणि खरवडून काढलेल्या खुणेच्या जागी उथळ खळगा किंवा निस्तेज डाग राहतो. दहापट भिंगात शंका आली तर तीसपटीच्या भिंगाने खात्री होते. मुंबईत पाडलेल्या 1918 च्या सोन्याच्या सॉव्हरिनवर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर ‘आय’ हे अक्षर असतं, त्याचीही अशीच तपासणी करावी लागते. सोनं अस्सल असूनही नाणं नकली असू शकतं, त्यामुळे फक्त सोनाराच्या कसोटीवर विसंबू नये.

किंमत लावायचं काम दिवाळीनंतर घेतलं. क्रम असा ठेवला: धातू, मग अवस्था, मग जात (म्हणजे वर्ष आणि खूण), सगळ्यांत शेवटी मागणी.

धातूची किंमत म्हणजे तळ. 11.66 ला 0.917 ने गुणलं की 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी येते. सोपा हिशेब म्हणून चांदी शंभर रुपये ग्रॅम धरली तर 1,069 रुपये. 1940 नंतरच्या रुपयात 5.83 ग्रॅम, म्हणजे 583. त्या दिवशीचा खरा दर घालून हा आकडा काढूनच दुकानात जायचं. कारण पेढीवर पहिला भाव मोडीचाच सांगतात, आणि पाचव्या जॉर्जच्या सर्रास मिळणाऱ्या, झिजलेल्या रुपयांना तो रास्तही असतो. मुंबईचा ठिपका आहे की नाही याने अशा नाण्यांच्या किमतीत सहसा फरक पडत नाही. ही गोष्ट पचायला जड जाते, इतके दिवस त्या ठिपक्यामागे घालवल्यावर.

फरक पडतो तो एखाद्या वर्षी एका टांकसाळीने खूप नाणी पाडली आणि दुसरीने मोजकीच, तेव्हा. म्हणजे वर्ष आणि खूण ही जोडी बघायची. त्यातही अवस्था आधी. पाचव्या जॉर्जच्या रुपयात मुकुटावरचे मोती, कानावरचे केस आणि अंगरख्यावरच्या साखळीतला छोटा हत्ती या उंच जागा आधी झिजतात. हत्तीची सोंड वेगळी दिसत असेल तर नाणं बऱ्यापैकी. हत्तीच सपाट असेल तर खूण कितीही दुर्मीळ असो, संग्राहक हात आखडता घेतो. 1911 च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो सुधारला गेला. ते वर्ष लोक याच कारणासाठी शोधतात, टांकसाळीसाठी नव्हे.

भाव पाहताना ‘मागितलेली किंमत’ आणि ‘प्रत्यक्ष आलेली किंमत’ यांत गल्लत करायची नाही. लिलाव संस्था जुन्या लिलावांचे निकाल जाहीर करतात. तेच वर्ष, तीच खूण, तीच अवस्था असलेले अलीकडचे निदान पाच निकाल काढायचे, सर्वांत वरचा आणि खालचा सोडायचा आणि उरलेल्यांतून अंदाज बांधायचा. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात छापाच्या जाहिरातींना यात स्थान नाही. ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे सावध केलं आहे: बँक जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही.

डिसेंबरात निवडक नाणी लिलावाला दिली. कागदपत्रं: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, मालकीचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येक नाण्याचं वजन व फोटो असलेली यादी. यादीत टांकसाळीचा रकाना आपणच भरून द्यावा. तिथला कर्मचारी एका दिवसात शेकडो नाणी पाहतो, खूण निसटू शकते आणि लिलावाच्या छापील कॅटलॉगात एकदा चुकीचं गेलं की बोली त्यावरच लागते. करारात तीन गोष्टी वाचाव्यात: विकणाऱ्याकडून घेतलं जाणारं कमिशन, त्यावरचा जीएसटी, आणि न विकल्या गेलेल्या नाण्यांवर काही आकारणी आहे का. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती, धातूच्या तळाखाली कधीच ठेवू नये. खरेदीदारालाही बोलीवर वेगळं शुल्क पडतं, त्यामुळे निकालातली रक्कम शुल्क धरून आहे की वगळून हे विचारून घ्यावं, नाहीतर सगळी तुलना चुकते. लिलाव जानेवारीत झाला आणि पैसे यायला त्यानंतर पाच आठवडे लागले.

एक कायदेशीर बाब आधीच माहीत असावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं. ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. ही रेघ दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते, पाचव्या जॉर्जची नाणी एकेक करून तिच्या पलीकडे जात आहेत. परदेशी संस्थेकडून तपासून, प्लॅस्टिकच्या बंद डबीत गुणांकनासह घेण्याचा विचार असेल तर नाण्याचं वर्ष आधी पाहा. पाठवता येण्याजोग्या नाण्यांनाही तपासणी, विमा आणि ने-आण यांचा खर्च नाण्याच्या किमतीहून जास्त होत असेल तर त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

विकली न गेलेली नाणी पुठ्ठ्याच्या, मायलारची (पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी असलेल्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवली आहेत. स्टेपलची टोकं पकडीने चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो. होल्डरवर पेन्सिलीने वर्ष, खुणेचा आकार, खुणेची जागा, वजन आणि तपासल्याची तारीख लिहिली आहे. संशयित 1939 वर ‘फेरफार’ असं ठळक लिहून तो वेगळ्या पाकिटात ठेवला आहे, म्हणजे पुढच्या पिढीच्या हातून तो खरा म्हणून विकला जाणार नाही.